मदत हवी आहे : ‘चार्ज’ या शब्दाची नोंद कशी मांडावी?

सर्वांना नमस्कार.

गोव्यात प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पाचवीपासून इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या मुलांसाठी डिचोलीतील आम्ही काही शिक्षिका एक छोटा शब्दसंग्रह तयार करीत आहोत. त्यातील ‘चार्ज’ या नोंदीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

हा शब्द विज्ञानात विद्युत प्रभार, न्यायालयात दोषारोप, कार्यालयात कार्यभार, तर जमिनीच्या व्यवहारात भार किंवा बोजा होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 100 मधील ‘चार्ज’ तो हाच. शब्दाचे मूळ लॅटिनमधील गाडीत माल भरण्याच्या क्रियापदात आहे. त्याच कुळातील ‘कार्रेगार’ हे पोर्तुगीज क्रियापद माल लादण्यासाठी आणि बॅटरी चार्ज करण्यासाठीही वापरतात. त्यामुळे ‘लादणे’ हा अर्थ आरंभी देऊन बाकीचे अर्थ त्यातून उलगडावेत, असे मला वाटते. प्रभार, कार्यभार या आपल्या शब्दांतही ‘भार’ आहेच, त्यामुळे मुलांना ही सांगड सहज पटेल.

अडचण पैशांच्या अर्थाशी येते. महाराष्ट्रातील वीजबिलांवर ‘स्थिर आकार’ असे छापलेले असते, परंतु आमच्या मुलांना ‘आकार’ म्हटले की चौकोन आणि त्रिकोणच आठवतात, म्हणून मी ‘शुल्क’ या शब्दाच्या बाजूची आहे. लाठीचार्जसाठी ‘लाठीमार’ रूढ असल्याने तेथे प्रश्न नाही.

सर्वांत अधिक गोंधळ वाक्यरचनेत होतो. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मुलाची जबाबदारी परिचारिकेवर आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ याचाही अर्थ तोच, मात्र एका ‘द’मुळे कर्त्याची जागा सांभाळणाऱ्याऐवजी सांभाळला जाणारा घेतो. त्याचप्रमाणे ‘चार्ज्ड विथ’ यापुढे चोरीचा उल्लेख आला तर आरोप ठेवला गेला, आणि कर्तव्याचा उल्लेख आला तर काम सोपवले गेले, असा अर्थ होतो. मुले पहिला अर्थ पाठ करून दुसऱ्या ठिकाणीही तोच लावतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

तेव्हा मूळ अर्थापासून क्रम लावावा, की मुलांना रोज भेटणारा मोबाइल चार्ज करण्याचा अर्थ आधी द्यावा? क्रियापद आणि नाम यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात का? शिकवण्याचा किंवा कोशकार्याचा अनुभव असलेल्यांनी शक्य असल्यास उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.