इंटर्नशिपचं पहिलं रोटेशन, झोपेचे वांधे: चुका नेमक्या कुठे होतात?

गोठा_ते_ओपीडी
व्हेटर्नरीची फायनलची परीक्षा संपली आणि आठव्या दिवशी इंटर्नशिप सुरू. आधी मेडिसिन, मग सर्जरी, मग गायनॅक. सकाळी साडेआठला ओपीडी, दुपारी लॅबचे नमुने, संध्याकाळी भरती केलेल्या जनावरांची ट्रीटमेंट. आठवड्यात दोन रात्रपाळ्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी परत ओपीडी. झोप पाच तास, तीही तुटक. साधा गुणाकार दोनदा करावा लागतोय. "होईल सवय" असं सगळेच सांगतात, पण सवय होईपर्यंत एखाद्या जनावराचा जीव जायला नको. कुठल्या औषधात गडबड जास्त होते? काय पाठ असावं, काय लिहून ठेवावं? आणि रात्री खरंच उठायलाच हवं अशा केसेस कोणत्या? सीनियर दादा-ताईंनी जरा सविस्तर लिहा.

कासरा_आणि_कॅन्युला
झोप नसताना बहुतेक घोळ दशांश चिन्हात होतो. निदान बरोबर असतं, सिरिंजमध्ये औषध दहापट असतं.

सगळ्यात आधी झायलाझिन, म्हणजे जनावराला गुंगी आणायचं औषध. कुत्र्याला किलोला १ ते २ मिग्रॅ चालतं, गाईला ०.०५ ते ०.१ मिग्रॅ. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १ मिग्रॅच्या हिशेबाने २० मिग्रॅ लागतं आणि ३५० किलोच्या गाईला ०.०५ ने फक्त १७.५ मिग्रॅ. एवढ्या मोठ्या गाईला कुत्र्यापेक्षा कमी, हे डोक्याला पटतच नाही. म्हणून हात आपोआप जास्त भरतो. त्यात बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. २० मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून या गाईला ०.९ मिलीच्या आतच, १०० च्या बाटलीतून ०.१८ मिलीच्या आत. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि तुमचा हिशेब दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे करून घ्यायचा. "बरोबर आहे ना रे?" असं विचारलं की समोरचा मान डोलावतोच. गाय शेवटच्या तिमाहीत गाभण असेल तर झायलाझिनला हात लावण्याआधी ड्यूटी डॉक्टरांना विचारा, गर्भाशय आकुंचन पावतं.

दुसरं कॅल्शिअम. दुग्धज्वराच्या (विल्यावर रक्तातलं कॅल्शिअम घटलेल्या) गाईला ४५० मिलीची बाटली लावली, कठड्याला टेकलात, की डोळा लागलाच समजा. बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. शिरेतून द्यायला किमान १५-२० मिनिटं घ्या आणि तेवढा वेळ स्टेथोस्कोप हृदयावरून हलवू नका. ठोके अडखळले किंवा एकदम मंदावले की ड्रिप बंद. अंगाला बारीक थरथर, ढेकर, शेण टाकणं, कोरड्या पडलेल्या नाकावर दवासारखे थेंब दिसणं ही औषध लागू पडल्याची लक्षणं. थरथर बघून घाबरून बाटली काढणारेही असतात! उभ्यानेच ड्रिप धरा, बसू नका. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिकही शिरेतून घाईत दिलं तर जनावर जागेवर कोसळतं.

वजन मालकाच्या अंदाजावर घेऊ नका. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ६६, लांबी ५४ असेल तर साधारण ३५६ किलो.

रोज लागणाऱ्या दहा-बारा औषधांचा तक्ता सुट्टीच्या दिवशी, झोप झालेली असताना करा: औषध, ताकद, आणि ५, १०, २०, १००, ३००, ४०० किलोला किती मिली. मिग्रॅ नको, सरळ मिली. सरांकडून एकदा तपासून घ्या, प्लॅस्टिकमध्ये घाला, ॲप्रनच्या खिशात ठेवा. बाटलीची कंपनी बदलली की ताकद बदलली का ते बघा.

पहाट_तीनची
झोपेबद्दल लिहितो. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. त्यामुळे रात्रपाळी संपवून सकाळी बाइक काढून ४० किलोमीटरवरच्या गावी जायचं नाही, एसटीने जा. या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका बैलाच्या शिंगात नाही, त्या बाइकवर आहे, असं माझं मत.

रात्रपाळीच्या आधी दुपारी दीड तास आडवं व्हा. रात्री जमेल तेव्हा २० मिनिटांची डुलकी, गजर लावून. ४०-५० मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं डोकं चालणार नाही. तेवढ्या वेळात डोस काढू नका. चहा-कॉफी डुलकीच्या लगेच आधी घ्या, उठेपर्यंत ती चढते. पाळी संपायच्या पाच-सहा तास आधी चहा बंद, नाहीतर सकाळची झोप गेली. पहाटे ३ ते ५ शरीर सगळ्यात ढिलं असतं. त्या वेळचा प्रत्येक डोस दोघांनी मिळून काढायचा, हे पाळीच्या सुरुवातीलाच ठरवून टाका.

जार_वार
रात्रीच्या केसेसबद्दल. उठायचंच अशा: पोटफुगी, आडवं आलेलं वासरू, अंग (गर्भाशय) बाहेर पडलेली गाय, विल्यानंतर उठता न येणारी गाय, सर्पदंश, मोठ्या जातीचा कुत्रा ज्याचं पोट फुगलंय आणि ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, आणि लघवी तुंबलेला बोकड, बैल किंवा बोका. या शेवटच्यात एक फसगत असते. तासन्‌तास कुंथणारा बोकड अचानक शांत झाला की थकलेल्या माणसाला हायसं वाटतं. मूत्राशय फुटलं की कळ थांबते, म्हणूनही तो शांत होतो. पोटाला हात लावून बघा.

थांबू शकतं: जार (विल्यानंतर पडणारी वार) अडकणं. मालक रात्री दोनला "ओढून काढा" म्हणून हटून बसतो. ओढायचा नाही. गर्भाशयाला जखमा होतात, तुकडे आत राहतात. ताप नाही, वैरण खातेय, तर सकाळी बघता येतं. ताप १०३ च्या वर किंवा खाणं बंद असेल तर ड्यूटी डॉक्टरांना उठवा. आणि जारेला, गाभडलेल्या वासराला उघड्या हाताने हात नको. ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) असा उघड्या हातानेच येतो. खांद्यापर्यंतचा ग्लोव्ह फाटला तर तिथल्या तिथे बदला.

लाळ_नको
वरच्यांनी एक सोडलं. लाळ गाळणारी, गिळता न येणारी, हंबरून आवाज घोगरा झालेली गाय आली की "घशात काहीतरी अडकलंय" म्हणून तोंडात हात घालायचा मोह होतो, आणि थकलेलं असताना तर विचार न करता घातला जातो. आधी रेबीज मनात आणा. कुत्रा चावल्याचं विचारा, मालकाला आठवत नसेल तरी. रेबीजची, चावा बसण्याआधीच घेऊन ठेवायची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी अशी तीन डोसची असते. पहिल्या रोटेशनच्या आत पूर्ण करा. ती घेतलेली असली तरी लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि ० व ३ ऱ्या दिवशी दोन डोस घ्यायचे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. बोटात सुई जाते ती तेव्हाच.

तपासणीचा क्रम कधी बदलू नका. हात लावण्याआधी लांबून श्वास मोजा, मग ताप, नाडी, डाव्या भकाळीत (शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात) मूठ ठेवून दोन मिनिटं पोटाच्या हालचाली. दोन-तीन मिळायला हव्यात. थर्मामीटर शेणाच्या गोळ्यात गेला तर ताप कमी दिसतो, तो गुदाच्या भिंतीला टेकवा.

गोठा_ते_ओपीडी
खूपच उपयोगी, तक्ता रविवारीच करतो. एक शंका: संध्याकाळच्या ट्रीटमेंटला पाच-सहा सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये ठेवतात, ते बरोबर आहे का?

कासरा_आणि_कॅन्युला
बिनलेबलची सिरिंज ट्रेमध्ये दिसली तर सरळ फेकून द्यायची, आत काय आहे याचा अंदाज बांधायचा नाही. भरायचीच असेल तर मायक्रोपोरची (कागदी चिकटपट्टीची) पट्टी लावा, तिच्यावर औषध, ताकद, जनावराचा केस नंबर आणि भरल्याची वेळ. पट्टी मापाच्या रेषांवर चिकटवू नका, नाहीतर किती मिली आहे तेच दिसत नाही. झायलाझिन मात्र कधीच आधी भरून ठेवू नका, टोचायच्या क्षणी भरा.