मदत हवी आहे: अ‍ॅनोटेशन भाषेतच द्यावं की कॉमेंटवर भागवावं?

मंडळी, हौस म्हणून एक छोटी प्रोग्रामिंग भाषा लिहितोय. पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) चालतोय, पण आता गाडी अ‍ॅनोटेशनवर, म्हणजे कोडला जोडायच्या माहितीच्या खुणांवर, अडली आहे.

सध्या फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये '@जुनं' लिहिलं की माझं टूल ते वाचून 'हे फंक्शन जुनं झालंय' असा इशारा देतं. परवा घाईत '@जुन' लिहिलं गेलं. कंपायलर गप्प, टूलही गप्प. चूक सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली. कॉमेंटच ती, तिला कोण विचारतो!

पीएचपीवाल्यांनी वर्षानुवर्षं डॉकब्लॉकवर (ठरावीक साच्यातल्या कॉमेंटवर) काढली आणि शेवटी २०२० मध्ये ८.० आवृत्तीत अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे भाषेतलीच अ‍ॅनोटेशनं, आणले. जावाने हे २००४ मध्येच, जावा ५ मध्ये केलं. 'गो' भाषेत मात्र स्ट्रक्टच्या (अनेक फील्ड एकत्र बांधणाऱ्या प्रकाराच्या) फील्डला नुसती स्ट्रिंग जोडतात. ती चुकली तरी कोड कंपाइल होतोच.

माझा कल अ‍ॅनोटेशन भाषेच्या व्याकरणातच घेण्याकडे आहे. भीती एकच: तीन ओळींच्या मेथडवर सात अ‍ॅनोटेशनं चढलेली मी पाहिली आहेत, खरं काम कुठे होतं तेच कळत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: अ‍ॅनोटेशनच्या आर्ग्युमेंटमध्ये फक्त कंपाइलच्या वेळी ठरणारे स्थिरांकच चालू द्यावेत का? आणि अनोळखी अ‍ॅनोटेशन दिसलं तर एरर द्यावी की नुसती वॉर्निंग?