मदत हवी आहे: स्पीअरगनचा नेम तीन मीटरवरही चुकतोय. कुपवाडला शाफ्ट करून मिळेल का?

घाटावरचा

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, दोन वर्षं नोकरीसाठी ऑकलंडला आहे. सध्या महिनाभर सुट्टीवर घरी आलोय. तिकडं गेल्यापासून श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्यानं मासे मारायचे, असा नाद लागलाय. शिकवणारं जवळ कुणी नाही. जे काही येतं ते व्हिडिओ बघून आणि आपटून.

स्पीअरगन, म्हणजे रबराच्या ताणानं भाला सोडणारी बंदूक, जुनी घेतली. ११० सेमीची, लाकडी नव्हे, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची. शाफ्ट, म्हणजे तिच्यातला भाला, साडेसहा मिमी जाड, त्यावर १८ मिमीची दोन रबरं. विकणारा म्हणाला, "डबल रबर आहे, किंगफिशसारखा मोठा मासासुद्धा आडवा होईल." रबर चढवताना माझीच छाती आडवी व्हायची वेळ येते, ती गोष्ट वेगळी.

गेल्या महिन्यातली गोष्ट. पाणी पाचेक मीटर दिसत होतं. खडकामागं दबा धरून पडलो होतो आणि तीन मीटरवर स्नॅपर आला, चांगला ४० सेमीचा. अगदी आडवा, फोटो काढून घ्यायला उभा राहिल्यासारखा. ट्रिगर ओढला तर मनगटाला असा झटका बसला की गन वर उडाली. शाफ्ट माशाच्या पाठीवरून वीतभर उंच जाऊन मागच्या खडकावर आपटला. घरी येऊन काचेच्या टेबलावर लोळवून बघितला, तर मध्ये काच आणि शाफ्ट यांच्यातून उजेड दिसतो. म्हणजे वाकला. याआधीही सात-आठ नेम असेच वरून गेलेत.

प्रश्न असे. ११० विकून ९० ची घ्यावी का? कुपवाड एमआयडीसीत ओळखीचा कारखाना आहे, तिथं ३०४ स्टेनलेस स्टीलचे दोन-तीन शाफ्ट लेथवर करून घेतले तर? आणि दोरी गुंडाळायची रील लावू की दोरीला बांधलेला तरंगता फ्लोट?

(कृष्णेतल्या मगरीवरचे विनोद माझ्या मामानं करून संपवलेत. नवीन असेल तरच टाका.)

बेदाणा

मगर राहू दे. हरिपूरच्या संगमावर जाऊन चिलापी तरी मारून दाखव की.

घाटावरचा

तिथं पाण्यात माझाच हात मला दिसत नाही, चिलापी कुठनं दिसणार?

लेथवाला

३०४ च्या भानगडीत पडू नका. दोन गोळ्यांत त्याचं धनुष्य होईल. चांगले शाफ्ट बहुतेक १७-४ पीएच स्टीलचे असतात. तो रॉड मऊ अवस्थेत आणायचा, खाचा आणि भोकं आधी पाडायची आणि मग ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर भट्टीत ठेवायचा, तेव्हा त्याला ताकद येते. रॉड मिळेल, वायर कटवर (तारेनं धातू कापणाऱ्या यंत्रावर) खाचाही पडतील. पण दीड मीटर लांबीचा सात मिमीचा रॉड लेथवर धरला की चाबकासारखा फिरतो. त्याला सेंटरलेस ग्राइंडिंगच (टोकं न धरता घासून गोल करणं) पाहिजे, आणि भट्टीतून निघाल्यावर तो सरळ राहिला पाहिजे. तीन नगांसाठी एवढा खटाटोप कुठलाच कारखानदार मनापासून करणार नाही. ओळखीचा असेल तर तोंडावर हो म्हणेल आणि दिवाळीनंतर या म्हणेल. तिकडंच तयार विकत घ्या.

मिरजकर_सिडनी

भाऊ, शाफ्टचं नंतर बघू. मला रबरांचीच शंका येतेय. तुमची गन तिकडं आहे ना? कुणाला तरी दोन मापं घ्यायला सांगा. शाफ्ट लॉक केल्यावर मझलमधल्या (गनच्या पुढच्या तोंडातल्या) रबराच्या भोकापासून शाफ्टवरच्या ज्या फिनला (छोट्या खुंटीला) रबर अडकतं तिथपर्यंत किती अंतर आहे? आणि रबर मोकळं असताना त्याची पूर्ण लांबी किती?

घाटावरचा

रूममेटला व्हिडिओ कॉलवर टेप धरायला लावला. पहिलं अंतर ९२ सेमी. रबर काढून सरळ केलं तर ४६ सेमी. दोन्ही रबरं सारखीच.

मिरजकर_सिडनी

सापडलं. ४६ मधले चारेक सेमी दोन्ही टोकांच्या गाठीत गेले, उरले ४२. रबर मझलमधून दोन बाजूंना जातं, म्हणजे एका बाजूला २१ सेमी. ते तुम्ही ९२ पर्यंत ओढताय, जवळजवळ साडेचार पट! रबर साधारण सव्वातीन ते साडेतीन पट ताणावं. त्याच्या पुढं हाताला जोर लागतो, पण शाफ्टला त्या मानानं वेग मिळत नाही. लहानपणी गलोल केली असेल तर आठवून बघा. ट्यूबची पट्टी फार आखूड कापली की दगड लांब जायचा सोडून अंगठ्यावर बसायचा. तेच आहे हे.

त्यात शाफ्ट साडेसहाचा. १८ ची दोन ताठ रबरं मागून ढकलतात तेव्हा एवढा बारीक शाफ्ट निघतानाच लवतो आणि नागमोडी जातो. वर गनला झटका, म्हणून मझल उचललं जातं आणि सगळे नेम वरून जातात. तुमचा हात वाईट नाही. विकणाऱ्यानं ताकद दाखवायच्या नादात गन बिघडवून ठेवलीय.

करायचं असं: ९२ ला ३.३ नं भागा, २८ येतात. दोन्ही बाजूंचे ५६, अधिक गाठींचे ४, म्हणजे ६० सेमीचा तुकडा. एकतर १६ मिमीची दोन रबरं या लांबीची करा, नाहीतर २० चं एकच. शाफ्ट ७ मिमीचा घ्या, एकच फ्लॉपर (मासा निसटू नये म्हणून टोकाजवळ उघडणारी पाकळी) असलेला. विशबोन, म्हणजे रबराची दोन टोकं जोडून शाफ्टला अडकवायचा तुकडा, डायनीमा या मजबूत कृत्रिम दोरीचं ठेवा, तारेचं नको. तारेचं तुटलं तर बोट घेऊन जातं.

शाफ्टची दोरी १.८ मिमी मोनो (एकाच जाड धाग्याची नायलॉनची) असू दे. क्रिम्पच्या (दोरीचं टोक दाबून धरणाऱ्या धातूच्या नळीच्या) कडेला ती घासली गेलीय का, हे प्रत्येक वेळी नखानं चाचपून बघा. नखाला खरखर लागली की बदला. रबर चढवल्यावर दोरी त्याच्या आत तर अडकली नाही ना, तेही बघा. मी एकदा बघितलं नाही. शाफ्ट दोन हात जाऊन परत माझ्याकडं आला.

आता ९० की ११०. ऑकलंडच्या आसपास पाणी बहुतेक वेळा पाच-सात मीटरच दिसतं, खडकात वळायलाही ९० सोपी पडते. पुढची गन ९० चीच घ्या. पण ही आधी नीट करा आणि मग ठरवा. फ्लोट नक्की लावा, झेंड्यासकट. बोटवाल्याला तुम्ही दिसला पाहिजेत. रील किंगफिशच्या मागं लागाल तेव्हा.

आणि एक. मास्कमधून मासा तिसऱ्या हिश्श्यानं मोठा दिसतो आणि अंतर पाव हिश्श्यानं कमी वाटतं. तुमचा तीन मीटरवरचा म्हणजे खरा चार मीटरवर होता, आणि ४० चा म्हणजे खरा ३० चा. तुमच्या भागात स्नॅपरची किमान मर्यादा ३० सेमी आहे. गळाचा मासा परत सोडता येतो, भाल्याचा नाही. चुकला ते बरंच झालं म्हणा.

घाटावरचा

😂 महिनाभर मित्रांना त्या ४० च्या स्नॅपरची गोष्ट सांगतोय.

मनापासून आभार. शाफ्टचा बेत रद्द, रबरंच बदलतो. इथं असेपर्यंत श्वास रोखायचा सराव चालू ठेवलाय. नदीत नको म्हणून मळ्यातल्या विहिरीत. पाणी तीस-पस्तीस फूट आहे. तळाचा दगड घेऊन वर येतो. चुलतभाऊ काठावर बसलेला असतो.

मिरजकर_सिडनी

हे आजच्या आज बंद करा. रागवू नका, पण बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. श्वास संपून माणूस बेशुद्ध होतो तो बहुतेक वेळा वर येताना, शेवटच्या काही मीटरमध्ये, नाहीतर वर येऊन पहिला श्वास घेताना. आधी काही कळत नाही, धडपड नाही, आवाज नाही. काठावर बसलेला भाऊ मोबाइलमधून मान वर करेपर्यंत तुम्ही परत खाली गेलेले असता. एक जण खाली तर दुसरा पाण्यात, पृष्ठभागावर, नजर खालीच. वर आल्यावर अर्धा मिनिट तरी तुमच्याकडं बघत राहिला पाहिजे. आणि बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊन फुफ्फुस भरायचं व्हिडिओत दाखवतात, ते अजिबात करू नका.

लेथवाला

+१. आमच्या गावात विहिरीनं पट्टीचे पोहणारे नेलेत.

घाटावरचा

बरोबर आहे, चुकलंच. विहीर बंद. भावाला पाण्यात उतरवलं असतं, पण तो अजून पाठीला डबा बांधून पोहतो. आता घरात पलंगावर पडूनच सराव.

शेवटची शंका. विहिरीत वापरलेले पायातले फिन आणि मास्क परत नेताना विमानतळावर अडवतात का?

मिरजकर_सिडनी

लपवलेत तर अडवतील. न्यूझीलंडला उतरताना पाण्यात वापरलेलं सगळं सामान जाहीर करावं लागतं. २००४ साली तिकडं दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, तेव्हापासून गोड्या पाण्यातल्या सामानावर त्यांची बारीक नजर असते. साबणाच्या पाण्यानं धुवा, फिनच्या बुटातला चिखल ब्रशनं काढा, आतून पूर्ण वाळवा आणि प्रवासी जाहीरनाम्यात सरळ 'हो' लिहा.

घाटावरचा

धुऊन गच्चीवर टाकलेत. आईनं शेजारी शेवया वाळत घातल्यात आणि फिनला वास येतो म्हणून दोन्ही उचलून टाकीमागं ठेवलेत. तिथं ऊन येत नाही. उद्या परत फिरवतो.