जंताची गोळी देऊनही तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खाज

अवनीची आई
मुलगी साडेपाच वर्षांची. रात्री झोपेतून उठून रडते, शीच्या जागी खाजवत राहते. टॉर्च लावून पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळत होते. डॉक्टरांनी अल्बेंडाझोलची ४०० मिलीग्रॅमची एक गोळी चावून खायला दिली. दोन आठवडे बरी होती, आता पुन्हा तेच. शी तपासली, रिपोर्टमध्ये काहीच नाही. सासूबाईंच्या सांगण्यावरून गोड बंद केलंय. काल गूळपोळीसाठी रडरड रडली.

सेविकाताई
गूळपोळी द्या हो तिला! गोडाने जंत होत नाहीत. अंगणवाडीत चौदा वर्षं हेच सांगतेय.

हे सूतकृमी. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज रात्रीची. पोर खाजवतं, अंडी नखांत जातात आणि तीच बोटं तोंडात. शीमध्ये अंडी क्वचितच सापडतात, म्हणून तुमचा रिपोर्ट कोरा. सकाळी धुवायच्या आधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावून लॅबला दिली तर दिसतात.

गोळीने जंत मरतात, अंडी राहतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी लागते, आणि ती घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची. माझ्या मुलाला मी दोनदा एकट्यालाच दिली होती. तो आजीच्या गोधडीत झोपायचा. आजीलाही खाज होती, पण लाजेने बोलल्या नाहीत. फार वाईट वाटलं मला.

गोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घाला, चादरी-चड्ड्या न झटकता गरम पाण्यात टाका, नखं मुळापासून कापा.

मिरजकर
आमच्याकडे वावडिंग दुधात उकळून देतात.

सेविकाताई
द्या, पण गोळीऐवजी नको.

अवनीची आई
जाऊबाईंना चौथा महिना आहे. त्यांनीही घ्यायची? आणि १० फेब्रुवारीला शाळेतही गोळी देतात ना?

सेविकाताई
जाऊबाईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. वर्षाच्या आतल्या बाळालाही परस्पर देऊ नका. एक ते दोन वर्षांच्या बाळाला आम्ही अर्धी गोळी चुरून देतो.

शाळेतली गोळी जरूर घेऊ द्या, फक्त आधी कधी दिलीत ते बाईंना सांगा. आणि आज सासूबाईंना एकटीने, हळूच विचारा, त्यांनाही रात्री खाज येते का.