मदत हवी आहे: मशीद बंदरचा इस्रायल मोहल्ला मराठीतून दाखवणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला मुंबईतली जुनी ज्यू वस्ती दाखवायची आहे. आई अलिबागकडची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू (बेने इस्रायली), तिच्या लहानपणी शेजारीच राहायचे. त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली मेझुझाची (आत धर्मवचनांची गुंडाळी असलेली) नळी आणि मलिद्याच्या (त्यांच्या आभारविधीतल्या प्रसादाच्या) ताटातले गोड पोहे तिला अजून आठवतात.

सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं शआर हारहमीम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तिला बघायचंच आहे. याला लोक 'जुनी मशीद' म्हणायचे आणि त्यावरूनच मशीद स्टेशनचं नाव पडलं म्हणतात. जमलं तर भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि काळा घोड्याचं निळं केनेसेथ एलियाहू ही सिनेगॉगही.

चौकशी केली तिथे सगळे इंग्रजीतूनच फिरवतात. दिवेकर, पेणकर, नवगावकर अशा आडनावांच्या, घरात मराठी बोलणाऱ्या समाजाची गोष्ट आईला मराठीतच ऐकायला मिळावी असं मनापासून वाटतं.

असा माहीतगार कोणाच्या ओळखीत आहे का? आत जायला आधी परवानगी आणि ओळखपत्र लागतं का? शनिवार तर टाळणारच आहे. आईचे गुडघे दुखतात. त्या गर्दीत मध्ये बसायला कुठे जागा मिळेल?