भास्कर जाधवांना निष्ठावंत म्हणायचं की नाही? (आणि ते ठरवणार गाव की मुंबई?)

शृंगारतळी

काल वाशिष्ठीकाठ यांनी लिहिलं की गुहागरचे आमदार भास्कर जाधव म्हणजे सेनेतून राष्ट्रवादीत आणि राष्ट्रवादीतून पुन्हा सेनेत फिरून आलेला माणूस, त्यांना आज निष्ठावंत म्हणून डोक्यावर घेणं हा गुहागरकरांचा भाबडेपणा आहे. वर हेही की आमच्या मतदाराला पक्ष कळत नाही, दमदार माणूस दिसला की तो मागे जातो. हा भाबडेपणा मला फार लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९५ आणि १९९९, चिपळूणमधून धनुष्यबाणावर आमदार. २००४ ला पक्षाने उमेदवारी कापली, अपक्ष लढले, पडले, आणि चिपळूण राष्ट्रवादीच्या रमेश कदमांकडे गेलं. मग पवारांनी जवळ केलं, विधान परिषदेवर घेतलं. २००९ ला गुहागरात आले, तेव्हा समोर कोण होतं? रामदास कदम, विधानसभेतले विरोधी पक्षनेते. त्यांना पाडलं. २०१४ ला डॉ. विनय नातूंना हरवलं. २०१९ ला आमदारकीचा राजीनामा देऊन सेनेत परतले आणि पुन्हा निवडून आले. २०२४ ला ठाकरे सेनेची मशाल घेऊन उभे राहिले. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून १५ जागा, त्यात मशालीची एकच आली, ती आमची.

म्हणजे १९९५ पासून विधानसभेच्या सात लढती, सहा विजय. मतदारसंघ दोन, जिंकलेली चिन्हं तीन. जून २०२२ मध्ये सेना फुटून सत्ता पलीकडे जाताना दिसत असताना हा माणूस जागेवर राहिला. आणि २०१९ ला पक्ष बदलला तेव्हा आधी राजीनामा दिला, मग लोकांसमोर गेला. २०२२ ला जे गेले त्यांच्यापैकी एकानेही राजीनामा देऊन पुन्हा मत मागितलं नाही. माझी फूटपट्टी एवढीच आहे: बदललास तर आमच्याकडे येऊन परवानगी माग. जाधवांनी मागितली, आम्ही दिली. यात भाबडं काय आहे?

वाशिष्ठीकाठ

चिडू नका, पण तुमच्याच यादीतलं २००४ तुम्ही एका ओळीत उरकलंत. माणूस बघून मत पडतं म्हणता ना? त्या वर्षी माणूस तोच होता, दोन वेळचा आमदार होता, फक्त हातात बाण नव्हता. पडला. पक्षाशिवाय एकदाच उभा राहिला आणि एकदाच हरला, याचा अर्थ तुम्हीच लावा.

२००९ चंही तेच. गुहागर ही भाजपची पिढीजात जागा. आधी डॉ. श्रीधर नातू, मग डॉ. विनय नातू. ती सेनेने रामदासभाईंसाठी घेतली, नातू बंडखोरी करून उभे राहिले, युतीची मतं दोन वाटांनी गेली आणि मधून घड्याळ निघालं. याला पराक्रम म्हणणार असाल तर म्हणा.

आणि तो राजीनामा! सप्टेंबर २०१९ मधला. मतदान २१ ऑक्टोबरला होतं. पाच वर्षं भोगून झाल्यावर शेवटच्या महिन्यात सोडण्यासारखं काय उरलेलं असतं? ही परवानगी मागणं नाही, वेळ साधणं आहे.

मी चिपळूणचा, मला आणखी दोन गोष्टी विसरता येत नाहीत. २०१३ ला राज्यात दुष्काळ होता आणि आमच्या गावात मुलांच्या लग्नाचा तो थाट झाला. खुद्द पवारसाहेबांना जाहीर नापसंती सांगावी लागली. दुसरी गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ ला माझं दुकान पाण्याखाली गेलं, आयुष्याची कमाई चिखलात होती. तीन दिवसांनी मुख्यमंत्री बाजारपेठेत आले, तेव्हा रडून गाऱ्हाणं मांडणाऱ्या बाईशी जाधव ज्या सुरात बोलले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मागाहून खुलासे झाले. आम्ही तेव्हा हाताने गाळ उपसत होतो, खुलासे ऐकायला वेळ नव्हता.

शृंगारतळी

पुराच्या वेळचा सूर चुकला. लग्नाचंही चुकलं. दोन्ही मान्य, आणि ते बोलायला मला जड जातंय असं समजू नका.

पण २००४ ला समोर सेनेचाही उमेदवार होता, मतं फुटली म्हणून राष्ट्रवादी आली. फुटीचा हिशेब २००९ ला लावता, मग २००४ ला का लावत नाही? आणि २०१४ बद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. युती तुटलेली, आघाडी तुटलेली, देशात मोदींची लाट, समोर नातूंसारखं घरोघर ओळख असलेलं नाव. तरी घड्याळ आलं. तेव्हा मधून निघायला वाट कुणी करून दिली होती?

जगबुडी

दोघेही २००९ वर भांडताय आणि मुळात रामदास कदम गुहागरला का आले हे कुणी विचारत नाही. हौसेने नाही आले. खेडातून १९९० पासून चार वेळा निवडून आलेला माणूस, त्याचा खेड मतदारसंघच पुनर्रचनेत पुसला गेला! रत्नागिरी जिल्ह्याचे सात होते, पाच झाले. आमचा खेड गेला, संगमेश्वर गेला. सिंधुदुर्गाचे चार होते, तीन राहिले. खेड तालुका दापोली आणि गुहागरात वाटून टाकला, आमची काही गावं आजही गुहागरला मत देतात. त्या गावातल्या माणसाने आमदाराला भेटायचं तर जायचं कुठे, याचा विचार कुणी केला होता?

एक आमदार गेला की त्याचा निधी जातो, सभागृहात विचारायचा प्रश्न जातो, जिल्हा नियोजनातलं एक तोंड जातं. निष्ठेची चर्चा करायला उरलेत पाच. आधी हे बोला.

नालासोपारा

जगबुडींशी पूर्ण सहमत. म्हणूनच आम्ही चाकरमानी मंडळी मत गावात ठेवतो. माझं सगळं आयुष्य नालासोपाऱ्यात गेलं, पण नाव गुहागरच्या यादीत आहे आणि राहील. २० नोव्हेंबरला बुधवारचं मतदान, रजा टाकून रात्रभर गाडीत बसून आलो. आमची नावं काढली तर उरलेले मतदारसंघही जातील.

जगबुडी

दादा, उलटं आहे. मतदारसंघ मतदारयादीवर ठरत नाहीत, जनगणनेवर ठरतात. गेली पुनर्रचना २००१ च्या गणनेवर झाली. तुम्ही मत देता गुहागरला आणि मोजले जाता नालासोपाऱ्याला. परिणाम काय झाला? आमचा खेड गेला त्याच पुनर्रचनेत नालासोपारा नावाचा मतदारसंघ जन्माला आला. ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला. आमचे गेलेले आमदार तुमच्या दारात आले, आणि तिथे तुम्ही मतच देत नाही! पाणी तिथलं पिता, लोकल तिथली, कचरा तिथला, आणि त्या आमदाराला विचारायचा हक्क सोडून दिलात.

२०११ च्या गणनेत तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा घटली. पुढच्या वेळी काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

नालासोपारा

म्हणजे आम्ही गावाचे गुन्हेगार? हौस म्हणून गेलो का आम्ही? माझे वडील गिरणीत गेले तेव्हा वाडीत एक पीक आणि खोताचं कर्ज होतं. आज वाडीत जी पाण्याची टाकी आहे ती कुठल्या आमदाराने नाही, गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या वर्गणीतून झाली. देवळाचा जीर्णोद्धार आम्ही केला. शाळेचे पत्रे उडाले तेव्हा पैसे आम्ही पाठवले. शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायला आम्ही चालतो, गणपतीला वर्गणी द्यायला चालतो, आणि मत द्यायला चालत नाही?

आबलोली

टाकीबद्दल उपकार मानते. पण टाकीत पाणी मार्चनंतर नसतं, तेव्हा हंडा घेऊन विहिरीवर मी जाते, मंडळ जात नाही.

मी सून म्हणून आले तेव्हापासून बघते आहे. निवडणूक आली की बैठक मुंबईत होते, कुठल्यातरी हॉलमध्ये, पुरुषांची. मग फोन येतो: वाडीने अमक्याला द्यायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे कुणी ठरवलं? २०११ ला आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. लावणी आम्ही करतो, गुरं आम्ही बघतो, म्हाताऱ्यांची आजारपणं आम्ही काढतो. माझ्या सासूबाई भर पावसात पडल्या, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हता, तिथून पुढे, तिथून आणखी पुढे, शेवटी खासगीत उपचार झाले. त्या रात्री मला कळलं की आमदार कशासाठी लागतो. ते कळणं मुंबईतल्या बैठकीत कुठून येणार?

नालासोपारा

ताई, सासूबाईंचं वाईट वाटलं. पण त्या खासगी दवाखान्याचं बिल कुणी भरलं हेही लिहा. मुंबईच्याच मुलाने ना?

आबलोली

हो, माझ्या नवऱ्याने. त्याने बिल भरलं म्हणून माझं मत त्याचं होत नाही. हे बोलायला नको होतं तुम्ही.

वाशिष्ठीकाठ

नालासोपारा, कायदा काय म्हणतो तेही बघा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. सामान्यतः राहता कुठे, ते बघतात. आणि उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी गाड्या लावून मतदार फुकट आणणं, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, १९५१ च्या कायद्यात भ्रष्ट आचरणात मोडतं. २०२४ ला तुमच्या गाडीचं भाडं कुणी दिलं?

नालासोपारा

माझं तिकीट मी काढलं होतं, लाल डब्याचं. चिपळूणच्या दुकानात बसून माझ्या इमानाची चौकशी करू नका. तोच कायदा हेही सांगतो की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचं राहतेपण संपत नाही.

जगबुडी

सगळं आयुष्य नालासोपाऱ्यात गेलं असं तुम्हीच वर लिहिलंत. याला तात्पुरतं म्हणायचं?

नालासोपारा

होय, म्हणायचं! आमची म्हातारी माणसं शेवटी गावी परततात, आमचं जळायचं ठिकाण गावात आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. तुमच्या फूटपट्टीने तर शहरात भाड्याने राहणारा माणूस कुठलाच नाही.

शृंगारतळी

धागा मी जाधवांवर काढला होता, पण आता इथे आलोच आहोत तर याच वाटेने परत जातो. मुंबई मंडळ मत ठरवतं आणि वाडी ते टाकते, हे जर इतकं खरं असेल तर एक गोष्ट मला समजावून सांगा. २०१९ ला जाधवांसमोर सहदेव बेटकर होते, २०२४ ला राजेश बेंडल. दोघेही कुणबी समाजातले. मतदारसंघात हा समाज मोठा, मुंबईतलं त्याचं संघटन जुनं आणि पक्कं, आणि आपला माणूस द्या ही मागणी दोन्ही वेळा उघड होती. तरी दोन्ही वेळा जाधव आले. म्हणजे फोन आला तरी मत गावातल्या माणसाने आपल्या मनाने टाकलं. आबलोलीताई, तुम्ही वाटता तेवढं मंडळाचं चालत नाही.

आबलोली

दादा, चालत नाही म्हणता, पण २०२४ ला तीन हजारांच्या आतच वाचले ना? म्हणजे बरंच चालतं. आणि जिथे चालत नाही तिथे ते आमच्यासारख्यांमुळे, हे कुणी मोजत नाही. तुम्ही लगेच त्याचं श्रेय जाधवांना दिलंत.

वाशिष्ठीकाठ

याला म्हणतात उत्तर. शृंगारतळी, तीन हजारांच्या आतला विजय तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये कुठे दिसला नाही. परवानगी दिली म्हणता, ती निम्म्याच लोकांनी दिली.

तरी एक कबूल करतो, खळखळ करतच. २०२२ ला तिकडे गेले असते तर जाधवांना मंत्रिपद अवघड नव्हतं. ठाकऱ्यांच्या सरकारातही त्यांना मंत्रिपद मिळालं नव्हतं, तेव्हा रागाला कारण होतं. तरी थांबले. ५ जुलै २०२१ ला विधानसभा अध्यक्षांच्या जागी तालिका अध्यक्ष म्हणून बसले असताना भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, ते सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केलं, हा डाग मी विसरत नाही. पण विरोधी पक्षनेतेपदासाठी २०२५ ला त्यांचं नाव गेलं, तेव्हा ते पद भरायला हवं होतं. पक्षाचे आहेत ते २० आमदार असोत की त्या पदासाठी लागतात म्हणतात ते २९, सरकारला विचारणारा कुणीतरी कोकणातून हवा होता. यापुढे जाऊन निष्ठावंत हा शब्द माझ्याकडून वदवून घेऊ नका.

शृंगारतळी

तेवढं पुरे. आणि तीन हजारांचा आकडा मी लपवला नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. जवळची लढत झाली म्हणून परवानगी अर्धी होत नाही.

जगबुडी

नालासोपारा, भांडण बाजूला ठेवून विचारतो. विधानसभेच्या जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या गणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती गणना आता येते आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. शिमग्याच्या आधी. त्या दिवशी तुमचं घर कुठे मोजलं जाणार?

नालासोपारा

नालासोपाऱ्यातच. नोकरी आहे, मुलीची परीक्षा असेल. पण माझे आई-वडील आता वर्षातले आठ-नऊ महिने गावी असतात आणि त्यांची नावं अजून इकडच्या रेशनकार्डावर, इकडच्या यादीत आहेत. त्यांना मी गावी मोजायला लावतो आणि फॉर्म ८ भरून त्यांचं मतही तिकडे नेतो. माझं हलवणार नाही. ते तुम्ही कितीही कलमं दाखवलीत तरी नाही.

आबलोली

आईंचं नाव गावच्या यादीत आलं की कळवा. आमच्या वाडीच्या बैठकीत अजून एक बाई वाढेल. पण त्यांनी कुणाला मत द्यायचं ते फोनवर सांगू नका.