कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं गाव, पणजोबांचा माग कसा काढावा?

लालबागचा_पणतू:
नमस्कार मंडळी. माझे पणजोबा जावळी तालुक्यातले, बामणोलीच्या पलीकडच्या अंगाला गाव. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आडनावासकट लगेच ओळखू येईल.) 1896 च्या प्लेगनंतर कधीतरी ते लालबागला येऊन गिरणीत लागले, एवढंच घरात सांगतात. आजोबांचा जन्म मुंबईतलाच. पुढे गाव धरणात गेलं आणि भावकी कुठे पांगली ते आज कुणाला सांगता येत नाही. हाताशी काय आहे? आजोबांचा शाळेचा दाखला, त्यावर जन्मठिकाण मुंबई. आणि आजोबांच्याच लग्नातलं एक पितळी घंगाळ, त्यावर देणाऱ्याचं नाव कोरलंय, पुढे 'मु.' आणि एक अर्धवट झिजलेलं गाव.

जमीन नको, दाखला नको. पणजोबांच्या मागच्या दोन पिढ्या कळल्या तरी पुष्कळ झालं. कुणी असं काम केलंय का?

निवृत्त_तलाठी:
पणजोबांना शोधू नका, त्यांच्या भावाला शोधा.

मुंबईला गेलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच सापडतं. जो भाऊ गावात राहिला त्याचं नाव उताऱ्यावर लागायचं आणि पुढे लिहायचे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत गडप. लोक पणजोबांच्या नावाचा कागद मागतात, कारकून 'नाही' म्हणतो आणि शोध तिथंच संपतो. कारकूनही खोटं बोलत नसतो.

तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून चुलत पणजोबांची नावं काढा. हाक मारायचं नाव असलं तरी चालेल. मग जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, गाव नमुना 6. कुणी वारला की वारसनोंद होते, त्यात मुलं, विधवा, कधी नातवंडं ओळीनं लिहिलेली असतात. 1956 चा वारसा कायदा आल्यावर मुलींची नावंही लागू लागली, सासरच्या आडनावानं. एक फेरफार हाती आला की त्यावरून मागचा शोधायचा. 'आपले अभिलेख' या शासनाच्या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत. तिथं नसेल तर मेढ्याच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

तुमच्या बाबतीत गाव बुडालं ही एका अर्थी सोयच म्हणायची. जमीन सरकारनं 1894 च्या भूसंपादन कायद्यानं घेतली, म्हणजे निवाडा, कुणाला किती मोबदला ते ठरवणारा सरकारी आदेश, झालेला असणार. मोबदला द्यायचा तर हिस्सेदार ठरवावे लागतात, त्यामुळे एरवी ए.कु.मॅ.च्या पोटात राहिलेली माणसं तिथं बाहेर येतात. मी पाहिलेल्या निवाड्यांत सर्व्हे नंबर, हिस्सा, घर किती खणांचं, परसात आंबे किती नि फणस किती, सगळं लिहिलेलं होतं. पणजोबा तेव्हा हयात नसतील, तर त्यांच्या जागी तुमच्या आजोबांचं नाव 'रा. मुंबई' असं सापडू शकतं.

सातारी_मिसळ:
कुणबी दाखल्यासाठी शोधताय का? तसं असेल तर मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या 2023 च्या शिंदे समितीनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी तपासलेल्या नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकल्यात, त्या बघा.

लालबागचा_पणतू:
दाखल्यासाठी नाही हो, वर लिहिलंय.

मोडीवाचक_ताई:
दाखला नको असला तरी त्या याद्या चाळाच. कुठल्या गावाचं कुठलं दप्तर शाबूत आहे ते त्यातून कळतं.

माझ्या मते तुम्हाला गाव नमुना 14 जास्त उपयोगी पडेल. जन्म-मृत्यूचं रजिस्टर, बोलीभाषेत कोतवाल बुक. मात्र पणजोबांच्या नावानं शोधाल तर हाती काही लागणार नाही. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. म्हणून खापरपणजोबांचं नाव आधी पक्कं करा आणि त्यांच्या नावापुढे पडलेले सगळे 'मुलगा' उतरवून घ्या, सालासकट. भावांचा क्रम तिथंच लागतो. मृत्यूच्या पानांवर वय आणि कारण असतं. 'ताप', 'पटकी' (कॉलरा), पुन्हा 'ताप'. साथीच्या वर्षाची पानं वाचताना मी तरी मधेच उठते.

आडनावावर विसंबू नका. जुन्या कागदात 'राणू बिन सखू', म्हणजे सखूचा मुलगा राणू, असंच असतं, आडनाव असलं तर असलं. बरीच पानं मोडीत असतील. इसवी सन काढायला साल शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590. मोडी वाचून देणारे लोक पुराभिलेख खात्याच्या पुणे कार्यालयात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केली तर मिळतात. पैसे पानावर ठरवा, तासावर नको.

पंचवटीकर:
नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेलात का? आमच्याकडे गावं वाटलेली असतात. गाव, आडनाव, जात सांगितली की तुमचे उपाध्ये कोण ते दुसरा पुरोहितच सांगतो. वहीत जो आला त्याचं नाव, बापाचं, आज्याचं, सोबत कोण होतं, कधी त्याच्या हातची सही. तुमच्या घराण्यातलं कुणी अस्थी घेऊन आलं असेल तर नोंद असणार. दक्षिणा यथाशक्ती, आणि जाल तेव्हा स्वतःची नोंदही करून या.

निवृत्त_तलाठी:
वह्या चांगल्याच असतात, पण त्यात जो आला तोच आणि त्याला आठवलं तेवढंच. फेरफाराशी ताडून घ्या.

करवीरकर:
आमच्याकडे सुगीनंतर हेळवी येतो आणि सगळी वंशावळ घडाघडा म्हणतो. जावळीकडे फिरतात का, कल्पना नाही. भावकी सापडली तर त्यांना विचारा.

माथाडीपुत्र:
कागद नंतर, आधी माणसं. कोयनेच्या बुडीत गावांची ग्रामस्थ मंडळं मुंबईत अजून चालू आहेत. गाव गेलं तरी देवाची वर्गणी थांबली नाही. जुन्या वर्गणीच्या वह्यांत गिरणीवाल्यांची नावं वाडीवार सापडतात. आमचे काही लोक डोंगरात वर सरकले, काही ठाणे, तेव्हाचा कुलाबा (आताचा रायगड), रत्नागिरी, सांगली, सोलापूर इकडे गेले. मंडळातल्या म्हाताऱ्यांना कुठली वाडी कुठे गेली ते तोंडपाठ असतं.

एक सांगतो. भावकीत गेल्या गेल्या सातबारा आणि निवाड्याचं नाव काढू नका. पुनर्वसनाचा कायदा आला 1976 ला, आमची जमीन त्याच्या कितीतरी आधी गेली. पर्यायी जमिनीसाठी लोक अजून खेटे घालताहेत. त्यात मुंबईचा कुणी येऊन 'आमचा हिस्सा कुठल्या पानावर' विचारायला लागला की चहा येतो, पण माहिती येत नाही. कुलदैवत विचारा, देवक विचारा, जत्रेला या. आणि घंगाळावरचं नाव वाचून दाखवा. ते बहुतेक पणजीच्या माहेरचं निघेल. मामाकडूनच असली भांडी यायची.

लालबागचा_पणतू:
हे डोक्यातच आलं नव्हतं, घंगाळ आम्ही पणजोबांच्या बाजूचंच समजत होतो. पीठ चोळून फोटो काढला, गावाची शेवटची अक्षरं '-वली' वाटतायत. निवाडा मागायचा कुठे पण? एका कार्यालयात 'जुनं आहे, मिळणार नाही' म्हणाले, दुसऱ्यात पहिल्याचं नाव सांगितलं.

निवृत्त_तलाठी:
तोंडी विचारू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत आणि जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे वेगवेगळे माहिती अधिकाराचे अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा, नाहीतर परत येतो. प्रत मागू नका, अभिलेख पाहू द्या म्हणा. गाव, तालुका, प्रकल्प लिहा आणि आडनावाची सगळी रूपं द्या. वाडीचं नाव विसरू नका, एकाच गावाच्या वाड्यांची पानं वेगळी असू शकतात.

मोडीवाचक_ताई:
घंगाळाचा फोटो इथे टाका. '-वली'ची गावं त्या खोऱ्यात ढिगानं आहेत, पण पहिल्या अक्षराची वेलांटी दिसली तरी निम्मी गळतील.